तर्जुम्याचा पडताळा

न्हाव्याच्या खुर्चीत मान मागं टाकलेली, गळ्याला वस्तरा लागलेला, अशा वेळी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "काय सर, कुराण शिकताय म्हणं?"

गहिनीनाथला वळता येईना. सटवाचा हात जरासा थांबला आणि मग कानाखाली सरकला. समोरच्या आरशात बाक दिसत होता, बाकावर उघडलेलं वर्तमानपत्र दिसत होतं, त्याच्याखाली धोतराचा काठ आणि धुळीनं पांढऱ्या पडलेल्या वहाणा. चेहरा तेवढा दिसत नव्हता. "थोडंफार," तो म्हणाला, आणि बोलताना गळ्याची घाटी हलली तशी वस्तऱ्याची थंड धार तिला टेकली. "चांगलं हाय," वर्तमानपत्र म्हणालं. "समदंच शिकावं माणसानं." यात चेष्टा होती, की दम होता, की दुपार काढायला केलेलं नुसतं बोलणं होतं, ते आवाजावरून उमजेना. सटवानं तुरटी फिरवून फडकं झटकलं तोवर बाक रिकामा झालेला. "कोण होता रे?" गहिनीनाथनं विचारलं. "मी काय समद्यालाच वळखतो व्हय, सर?" सटवा म्हणाला. "टँकर येईस्तोर लोकं इथं सावलीला बसतेत, पेपर वाचतेत, जातेत." पण हे सांगताना तो वस्तरा पुसत होता, आणि पुसून झालेला वस्तरा त्यानं पुन्हा पुसला, असं गहिनीनाथला वाटलं.

बाहेर सत्त्याऐंशी सालच्या दुष्काळाचं ऊन पडलेलं होतं. बीडच्या मधून जाणारी बिंदुसरा म्हणजे नुसती गोट्यांची वाट झाली होती, आणि पालीच्या धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या म्हणून लोक त्या बघायला जात होते, जत्रेला जावं तसे. भिंतीभिंतीवर नव्या घोषणा रंगवलेल्या होत्या. प्यायला पाणी नव्हतं पण चुन्यात कालवायला होतं. राजुरी वेशीपासून कारंज्याकडं चालता चालता गहिनीनाथ एकच गोष्ट घोळवत राहिला: कळलं कसं? आपण कुणाला बोललो नाही. कॉलेजात फक्त एवढंच ठाऊक, की मराठीचे हे अध्यापक दुष्काळाच्या गोष्टी गोळा करतात आणि त्यांच्या घडणीवर प्रबंध लिहितात. कुराणाचं ठाऊक एकाच माणसाला, ते शिकवणाऱ्या सिद्दीकी मास्तरांना. मग मास्तरच बोलले असणार. का बोलले असतील? सहज? की एक हिंदू प्राध्यापक आपल्या ओसरीवर येऊन कुराण वाचतो, हे चार लोकांत मिरवायला? यातला कुठलाही विचार खरा मानायला त्याचं मन तयार नव्हतं, आणि कुठलाही सोडायलाही तयार नव्हतं. ही त्याची जुनी खोड होती. शिरूर कासारला तो लहान असताना आई-बाप ऊस तोडायला जात. पोरगं रडून गोंधळ घालील म्हणून बाप राधाकिशन त्याला न सांगताच, झुंजूमुंजू व्हायच्या आत, बैलगाडी जुंपायचा. तो उठायचा तेव्हा घरात फक्त छबुआत्या, चुलीत राख, आणि दाराशी गाडीच्या चाकोऱ्या. पुढं पुढं तो दिवाळी जवळ आली की झोपेतही कान उघडे ठेवू लागला. आईनं लुगड्याची घडी घातली तरी त्याला वाटे, ही निघाली. बापानं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला तरी वाटे, हा निघाला. माणसं तोंडानं सांगतात ते वेगळंच असतं आणि खरं ते चाकोऱ्यांत उमटतं, असं त्याच्या मनानं तेव्हाच घेतलं होतं. पुढं विद्यापीठात संरचनावाद नावाचा विचार भेटला, गोष्ट काय सांगते यापेक्षा ती कशी बांधलीय ते बघा असं सांगणारा, तेव्हा त्याला तो नवा वाटलाच नाही. हे तर आपण लहानपणापासून करतोय, असंच वाटलं.

सिद्दीकी मास्तर उर्दू शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर ते दोन कामं करत. सकाळी मोहल्ल्यातल्या पोरांना ओसरीवर अरबी अक्षरं शिकवत, आणि दिवसभर ग्राहक सहकारी भांडाराचं चिटणीसपद सांभाळत. दुष्काळात भांडारासमोर गहू-साखरेची रांग लागे. मास्तर स्वतः दारात उभे राहत, आणि रांगेत गडबड झाली तर नुसता चष्मा काढत. तेवढ्यानं गडबड थांबे. गहिनीनाथनं गावोगाव फिरून गोष्टी जमवल्या होत्या: बारवेला पाणी लागावं म्हणून धाकटी सून देणाऱ्या पाटलाची, पाऊस कोंडून ठेवणाऱ्या जोगड्याची, कणगीत एकच दाणा राखणाऱ्या बाईची. या सगळ्यांचे सांगाडे तो एकमेकांशेजारी मांडून बघत होता. एकदा साखरेच्या रांगेत उभा असताना त्यानं मास्तरांना सहज विचारलं, तुमच्यात आहे का हो एखादी दुष्काळाची गोष्ट? मास्तर हसले. "आहे ना. सात वर्षांच्या दुष्काळाची आहे. आणि तीत भांडार पण आहे, प्राध्यापकसाहेब. चिटणीस पण आहे. कैदेतून सुटून आलेला."

तिथून सुरुवात झाली. असरच्या नमाजानंतर, ऊन उतरलं की गहिनीनाथ मास्तरांच्या ओसरीवर जाई. मास्तर आधी वजू करून, हातपाय धुऊन येत, कुराण ठेवायची लाकडी रेहाल उघडत, यूसुफच्या सूरेतला, म्हणजे त्या अध्यायातला थोडासा भाग म्हणून दाखवत, मग शब्द शब्द सोडवून मराठीत सांगत. गहिनीनाथ कागदावर आकृत्या काढी. त्याला दिसलं ते दिसताक्षणी त्याच्या अंगावर काटा आला होता. ही गोष्ट सरळ जात नव्हती, वळून येत होती. सुरुवातीला यूसुफ या पोराला पडलेलं स्वप्न, शेवटी त्याचा अर्थ. आधी भावांनी केलेला डाव, नंतर त्यानं भावांवर टाकलेला. आधी मालकिणीनं घेतलेला आळ, नंतर तिनंच दिलेली कबुली. तुरुंगातल्या दोघांची स्वप्नं अलीकडं, राजाचं पलीकडं. आणि सदरा तीनदा येत होता: एकदा खोटं रक्त लावलेला, एकदा मागून फाटलेला, आणि एकदा आंधळ्या बापाच्या तोंडावर टाकला की दृष्टी परत देणारा. एकच सदरा, आधी खोटं बोलणारा, मग साक्ष देणारा, मग बरं करणारा. मास्तर आकृतीकडं बघत राहिले होते. आयुष्यभर पाठ म्हटलेलं काहीतरी त्यांना प्रथमच दुरून दिसत असावं. "सुभानल्ला," ते पुटपुटले. आणि लगेच सावध होऊन म्हणाले, "पण एक सांगा. तुमच्या या शास्त्रात घर कुणी बांधलं ते विचारायचंच नाही? नुसत्या खोल्याच बघायच्या?"

"तो प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो," गहिनीनाथ म्हणाला.

"बाजूला म्हणजे कुठं?"

गहिनीनाथनं आकृतीतली एक रेघ पुन्हा गिरवली होती. मास्तरांनी हसून विषय सोडला होता, पण त्या हसण्यानंतर पुढच्या भेटीत ते जरा आखडून बोलले, असं त्याला वाटलं होतं. मग बापाचा प्रसंग आला. मुलं म्हणतात, यूसुफला आमच्याबरोबर रानात धाडा. बाप म्हणतो, मला भीती वाटते, तुमचं लक्ष नसताना त्याला लांडगा खाईल. आणि संध्याकाळी मुलं रडत येऊन सांगतात, त्याला लांडग्यानं खाल्लं. गहिनीनाथनं दोन्ही लांडगे समोरासमोर लिहून रेघ ओढली. मास्तरांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "ही रेघ बराबर आहे. पण आमचे उस्ताद काय म्हणायचे, ऐका. त्या पोरांना बहाणा सुचतच नव्हता. तो बापाच्या तोंडून मिळाला. बापानं शक बोलून दाखवला नसता, तर लांडगा आलाच नसता." गहिनीनाथनं ते वहीत उतरवून घेतलं, आणि 'पारंपरिक भाष्य' म्हणून कंसात टाकलं.

आणि मग तो शब्द आला. सात सुगीची वर्षं, सात दुष्काळाची, त्यानंतर एक वर्ष असं येईल की लोकांवर पाऊस पडेल आणि त्यात ते 'यअसिरून'. "म्हणजे निचोडतील," मास्तर म्हणाले. "पिळून रस काढतील." गहिनीनाथ ताडकन म्हणाला, "गाळप करतील!" दोघंही हसले. उसाशिवाय बंद पडलेला कारखाना, त्याच्या अंगणात भरलेली जनावरांची छावणी, शिरूरहून यंदा कुणी तोडीलाच गेलं नव्हतं ते, सगळं त्या एका शब्दात येऊन बसलं. दुष्काळ संपल्याची खूण काय, तर गाळप. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्याला त्या क्षणी दिसलं होतं. कारखान्याच्या व्याख्यानमालेत बोलायचं निमंत्रणही आलेलं होतं, आणि त्यानं मनातल्या मनात भाषण याच शब्दावर नेऊन संपवलं होतं.

न्हाव्याच्या दुकानातून घरी जाताना नेमका हाच शब्द त्याला खुपायला लागला. इतका नेमका कसा? चौदाशे वर्षांमागचा, वाळवंटातला शब्द, बीड जिल्ह्याच्या साखर कारखान्यावर असा अलगद कसा येऊन बसतो? मास्तरांना ठाऊक होतं, मी कारखान्यावर बोलणार आहे. मास्तरांना ठाऊक होतं, मला काय ऐकायला आवडेल. मला अरबी येत नाही; जे मास्तर सांगतील ते कुराण. त्यांनी मला खूश करायला थोडं वाकवून सांगितलं असेल तर? किंवा खूश करायला नाही, जवळ ओढायला? कुणालाही जवळ ओढायचं तर त्याच्याच अंगणातल्या वस्तूनं ओढावं लागतं. विचार एकदा इथं आला आणि थांबायला तयार होईना. मास्तर चहा देताना म्हणाले होते, तुमच्या मनात अल्लाच्या या कलामाबद्दल मोहब्बत आहे, ते दिसतं. तेव्हा बरं वाटलं होतं. आता तेच वाक्य उलटंपालटं करून बघताना त्याच्या खाली दुसरं काहीतरी दिसू लागलं.

दुसऱ्या दिवशी तो मास्तरांकडं गेला नाही. त्याऐवजी नदीपलीकडच्या मोहल्ल्यात हकीम वजाहत अलींच्या दवाखान्यात गेला. अरबीचे जाणकार म्हणून त्यांचं नाव होतं. दवाखान्यात गुलकंदाचा आणि ओल्या मुळ्यांचा वास होता. मास्तरांनी तो शब्द लिहून दिलेला आकृतीचाच कागद त्यानं पुढं केला. दुसरा कागद घ्यायचं त्याला सुचलंच नव्हतं. हकीमसाहेबांनी शब्द वाचला, डोळे मिटले, ती सबंध आयत, ते वचन, म्हटली. "दुरुस्त है. निचोडेंगे. अंगूर, जैतून, तिल, जो भी हो." गहिनीनाथच्या छातीवरचा दगड हलला. तो उठणार, तेवढ्यात हकीमसाहेबांनी कागद फिरवून धरला. "और ये लकीरें काहे की?" त्यानं समजावून सांगितलं. जितकं समजावलं तितका हकीमसाहेबांचा चेहरा मिटत गेला. "याने कलाम के टुकडे. इधर का टुकडा उधर के टुकडे के सामने." ते मोठ्यानं बोलत नव्हते. "प्रोफेसरसाहब, दिवस कसले चाललेत तुम्हाला ठाऊक हाय. हे कुठं छापणार? कोन वाचणार? आमच्यावर कोन दगड घेऊन येणार त्यातून?" आणि कागद परत देताना: "आपको पढाता कौन है?"

खोटं सांगता आलं असतं. पण खोटं सुचायच्या आत नाव तोंडून गेलं.

त्या संध्याकाळी स्टाफरूममध्ये इतिहासाचा बद्रीनाथ एकटाच बसला होता. बद्रीनाथ शेजारच्या टेबलावर बसे, डब्यातली चटणी वाटून खाई, आणि अलीकडं कपाळाला गंध लावू लागला होता. "तोंड कावून उतरलं बे?" त्यानं विचारलं. त्या विचारण्यात माया होती. ती खरी होती की नाही हे तपासायचं त्राण गहिनीनाथमध्ये उरलं नव्हतं. सगळ्यांना तपासून तो दमला होता. त्यानं सांगून टाकलं. सगळं नाही, एक वाक्य. "सिद्दीकी मास्तर मला हळूहळू तिकडं ओढतायत की काय, काही कळेना झालंय." म्हटल्याबरोबर त्याला हलकं वाटलं. ओकारी झाल्यावर वाटतं तसं. बद्रीनाथनं चटणीचा डबा पुढं सरकवला.

त्यानंतर जे झालं ते फार सावकाश झालं, पाणी आटतं तसं. हकीमसाहेबांच्या दवाखान्यातून मोहल्ल्यामोहल्ल्यात बोलवा गेली, आणि मास्तरांच्या ओसरीवरची पोरं कमी झाली. आधी दोघं-तिघं आजारी आहेत म्हणून, मग कुणी कारणही सांगेना. एका शुक्रवारी मास्तर मशिदीतून बाहेर पडले तेव्हा त्यांच्याभोवती नेहमीचा घोळका नव्हता. गहिनीनाथनं रस्त्याच्या पलीकडून पाहिलं आणि तो सायकलच्या चेनशी खाली वाकून बसला. त्याच आठवड्यात नदीकाठी दोन मिरवणुका समोरासमोर आल्या. दगड पडले नाहीत, पण पडले असं सगळीकडं झालं, आणि बाजार दुपारीच बंद झाला. मग भगवानरावांचं बोलावणं आलं. भगवानराव कारखान्याचे चेअरमन, भांडारावरही त्यांचाच शब्द चाले. टोपी काढून टेबलावर ठेवलेली, कपाळावर टोपीचा वळ.

"बसा, सर. शिरूरच्या ऊसतोड्याचं पोरगं प्रोफेसर झालं, आमाला अभिमान हाय. भाषण तुमचंच ठेवलंय. फकस्त एक करा, ती मुसलमानाची गोष्ट तेवढी नगं. लोकं तापल्यात. आन् त्या मास्तराची काळजी तुमी करू नगा, भांडारातून त्यास्नी मोकळं केलंय. सन्मानानं. शाल बी दिली."

"मास्तरांना? का?"

"का म्हंजी?" भगवानरावांनी त्याच्याकडं निरखून बघितलं. "ते तुमाला हळूहळू तिकडं वढायलेत म्हणं."

हळूहळू तिकडं. शब्द त्याचेच होते, जसेच्या तसे, नुसता उच्चार बदललेला. आपला सदरा दुसऱ्याच्या अंगावर बघावा तसं त्याला झालं. तो काहीतरी बोलला, म्हणजे ओठ हलले. तसं काही नाही, मास्तर चांगले आहेत, असं काहीसं. भगवानराव मान हलवत राहिले. "तुमी चांगले हाव म्हणून तुमाला चांगले दिसतेत," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

घरी त्याची बायको कौशल्या हंडे ओळीनं मांडत होती, टँकर यायची वेळ होती. तिला त्यानं सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "मास्तरांनी सुरुवातीलाच चार लोकांत बोलायला नको होतं. त्या दिवशी दाढी करताना तो माणूस..." कौशल्या हंडा हातात धरून उभी राहिली. "कुराणाचं व्हय? अहो, ते मीच बोलले," ती म्हणाली. "तुमच्या खिशातला कागद धुताना सापडला, वळणावळणाची अक्षरं. मी वच्छलाबाईला टँकरपाशी म्हणलं, आमचे हे आता अरबी बी शिकायलेत, कुराण वाचतेत. अभिमानानं म्हणलं. का? काय झालं?" तिच्या चेहऱ्यावर कुठलीच चाकोरी नव्हती. त्यानं शोधली, सवयीनं. मग टँकरचा भोंगा वाजला आणि ती धावली.

तो मास्तरांकडं गेला तेव्हा भर दुपार होती. ओसरीवर रेहाल नव्हती. दोन ट्रंका दोरीनं बांधलेल्या होत्या, आणि मास्तर तिसऱ्या गाठोड्याला गाठ मारत होते. यूसुफ वडगाव नावाच्या गावी त्यांचा धाकटा भाऊ होता, थोडी कोरडवाहू होती. "तिकडं जातो जरा," ते म्हणाले. "इथलं काम काय उरलंय? सकाळचं पण नाही, दिवसाचं पण नाही." आवाजात राग नव्हता. राग असता तर गहिनीनाथला धरायला काहीतरी मिळालं असतं. तो उभ्या उभ्याच बोलायला लागला, हकीमसाहेबांकडं का गेलो, तो शब्द इतका नेमका होता म्हणून, संशोधनात पडताळा घ्यावाच लागतो म्हणून. मास्तरांनी गाठ पुरी केली.

"गहिनीनाथराव," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी त्याला नावानं हाक मारली. "पडताळा घ्यायचा होता तर मला सांगायचं. मीच घेऊन गेलो असतो तुम्हाला हकीमसाहेबांकडं. मला पण ऐकायला आवडलं असतं, ते काय सांगतात ते."

बद्रीनाथशी बोललेलं वाक्य सांगायला त्यानं तोंड उघडलं. ते मास्तरांना ठाऊक होतं की नव्हतं? ठाऊक असेल तर हे सभ्यपण कसलं? आणि ठाऊक नसेल तर सांगून काय होणार? या दोन प्रश्नांच्या मध्ये तो उभा राहिला. मास्तरांनी गाठोडं सावकाश ट्रंकांना टेकवलं, त्यांना वाट बघता येत होती. मग म्हणाले, "ऊन लई आहे. निघा आता." चहा विचारला नाही. ट्रंका उचलू लागायला तो पुढं झाला, तर मास्तर म्हणाले, राहू द्या, भाचा येतोय.

व्याख्यानाच्या दिवशी कारखान्याच्या अंगणात मांडव घातला होता. धुराड्यातून धूर नव्हता. जिथं एरवी उसाच्या गाड्या उभ्या राहत, तिथं छावणीची जनावरं बांधलेली होती, आणि मांडवात बसलेली निम्मी माणसं म्हणजे आपापल्या जनावरांजवळ राहिलेले लोक, चारा यायला अवकाश होता म्हणून आलेले. शेणाचा आणि चाऱ्याच्या कोरड्या वाढ्यांचा वास येत होता. पुढच्या रांगेत भगवानराव होते, त्यांच्या बाजूला बद्रीनाथ. गहिनीनाथनं बारवेची गोष्ट सांगितली, कणगीची सांगितली. ती संपल्यावर थांबायला हवं होतं. पण त्याला मार्ग सुचला होता, आणि तो इतका शास्त्रशुद्ध होता की त्याचं त्यालाच बरं वाटलं. नाव कशाला हवं? नाव हा गोष्टीचा वरवरचा भाग. सांगाडा महत्त्वाचा. "एका बापाला बारा पोरं होती," त्यानं सुरुवात केली. "त्यातलं एक लई लाडकं." विहीर सांगितली, खोटं रक्त सांगितलं, परमुलखात विकलेलं पोरगं, तुरुंग, सात गाई सात गाईंना खाताना बघणारा राजा. कोठारं सांगितली. रडून रडून आंधळा झालेला बाप सांगितला. आणि पोराचा सदरा तोंडावर पडताच त्याला परत दिसू लागलं, ते सांगितलं. एक म्हैस मध्येच हंबरली तर तिला चारजण दबल्या आवाजात ओरडले. टाळ्या कडकडून पडल्या. भगवानराव माइकपाशी येऊन म्हणाले, ही आपल्या मातीतली गोष्ट. बद्रीनाथनं खाली उतरताना त्याचा खांदा दाबला. "भारी, गड्या. कुठली रे ही? आपल्या पुराणातली?" त्याच्या डोळ्यांत हसू होतं. ते अजाण होतं की सगळं जाणून होतं, याचा पत्ता लागेना. गहिनीनाथ नुसता हसला, आणि ते हसू तोंडावर तसंच राहिलं, कुणीतरी चिकटवल्यासारखं.

मांडवाच्या कडेला एक म्हातारी त्याची वाट अडवून उभी होती. छावणीतल्या धनगरांपैकी. साखराबाई नाव सांगितलं तिनं. तिचा नवरा म्हाळू दावणीपाशी दगडावर बसला होता, हात कानाशी लावून. त्याला ऐकू कमी येत असावं. "सर, गोष्ट लई चांगली सांगितली," ती म्हणाली. "म्या रडले. पर त्या पोराचं नाव काय व्हतं?"

"नाव..." गहिनीनाथ म्हणाला. "नाव तसं काही नाही, आजी. जुनी गोष्ट आहे. नाव कुठलंही ठेवता येतं."

"आसं कसं?" तिला ते पटेना. ती रागावली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. "त्यो बाप रडून रडून आंधळा झाला म्हनला न्हवं तुमी? मंग रडताना हाक काय मारली आसंल त्यानं? नावाबिगर कुनी रडतंय व्हय?"

त्यानं मागं बघितलं. बद्रीनाथ हातभर अंतरावर होता, भगवानरावांचे दोघं-तिघं खुर्च्या उचलत होते, एकजण थांबून ऐकत होता. कोण काय ऐकेल, कुठं नेईल, कुठल्या उच्चारात ते परत येईल, हे सगळं त्याच्या डोक्यातून सवयीनं सरकून गेलं. म्हातारी तोंडाकडं बघत होती.

"यूसुफ," तो म्हणाला. "यूसुफ म्हणून रडला, आजी."

"यूसुफ," तिनं चव घेतल्यासारखं म्हणून बघितलं. मग पदर सावरून दावणीकडं वळली, आणि रानात गुरांना हाळी घालावी तशा मोकळ्या गळ्यानं नवऱ्याला ओरडून सांगितलं, "यूसुफ म्हनं! आवं, यूसुफ नाव व्हतं त्याचं!"

म्हाळूनं कानावरचा हात काढला नाही. "आं? कोन?"

"यूसुफ! यूसुफ!" ती पुन्हा ओरडली. मांडवातली माणसं वळून बघू लागली. खुर्च्या उचलणारे खुर्च्या हातात धरून थांबले. बद्रीनाथच्या तोंडावरचं हसू गेलं. गहिनीनाथ जागचा हलला नाही. म्हाळूला अजून ऐकू आलेलं नव्हतं, म्हणून मग तोच पुढं झाला, दावणीपाशी जाऊन म्हाताऱ्याच्या कानाशी वाकला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्यानं ते नाव सांगितलं.